शाँझेलिझेवर झाडे आधी आली, घरे नंतर

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या नाशिकच्या एका विद्यार्थिनीने मला दोन प्रश्न विचारले आहेत. पॅरिसचा शाँझेलिझे हा रस्ता इतका रुंद आणि सरळ कसा झाला, त्यासाठी किती वस्ती पाडावी लागली, हा पहिला. दुसरा असा, की कुंभमेळ्याच्या निमित्ताने नाशिकमध्ये रस्त्यांची एवढी कामे निघाली आहेत, तर कॉलेज रोड किंवा गंगापूर रोड रुंद करून तसा एखादा रस्ता आपल्याकडे करता येईल का? नगररचनेच्या कामात माझी सगळी नोकरी गेली. हे प्रश्न मी नगरसेवकांकडून, बिल्डरांकडून आणि परदेशवारी करून आलेल्या नातेवाइकांकडूनही ऐकले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते. शाँझेलिझेसाठी वस्ती पाडावी लागली नाही, कारण तो आखला तेव्हा तिथे वस्तीच नव्हती. पॅरिसच्या पश्चिमेला, शहराबाहेर, भाजीपाल्याचे मळे आणि दलदल होती. तिथून एक सरळ रेघ ओढली गेली, तिच्या दोन्ही अंगांना झाडे लावली गेली आणि त्यानंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी शहर त्या झाडांपर्यंत येऊन पोहोचले. दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर याच क्रमातून निघते, पण त्याआधी इतिहास नीट पाहायला हवा.

सुरुवात राजवाड्याच्या बागेतून होते. १६१६ मध्ये राणी मारी द मेदिची हिने सेन नदीच्या काठाने फेरफटक्यासाठी झाडांचा एक मार्ग करवून घेतला, त्याला कूर-ला-रेन म्हणतात आणि तो आजही आहे. बग्गीतून संध्याकाळी हवा खायला निघायचे, लोकांनी आपल्याला पाहायचे, आपण लोकांना पाहायचे, एवढाच त्याचा उपयोग. पुढे चौदाव्या लुईच्या काळात आंद्रे ल नोत्र या उद्यानकाराने तुइलेरी राजवाड्याच्या बागेला नवे रूप दिले. व्हर्सायच्या बागा याच माणसाच्या. तुइलेरीच्या बागेची मधली वाट बागेच्या हद्दीपाशी थांबवणे त्याला पटले नाही. १६६७ मध्ये त्याने ती तशीच पुढे, मोकळ्या रानात पश्चिमेकडे नेली. दोन्ही बाजूंना एल्म झाडांच्या दुहेरी रांगा लावल्या आणि शेवटी एक गोल चौक ठेवला. तो चौक म्हणजे आजचे राँ-प्वँ. शाँझेलिझे हे नाव १७०९ च्या सुमारास रूढ झाले. तोवर त्याला नुसतेच ग्राँ-कूर, म्हणजे मोठा फेरफटक्याचा मार्ग, असे म्हणत.

इथे जरा थांबू. ल नोत्रने रस्ता बांधलाच नव्हता, त्याने नजर जाईल अशी एक रेघ आखली होती. राजवाड्याच्या खिडकीत उभे राहिले की समोर झाडांच्या दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये क्षितिज दिसावे, हा त्यामागचा विचार. खाली माती होती, पावसाळ्यात चिखल होता. पण रेघ पक्की होती आणि झाडे वाढत होती. नंतर येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो राजा असो, क्रांतिकारक असो, सम्राट असो की प्रशासक, ती रेघ पाळली. राजवट बदलली तरी रेघ हलली नाही, हे मला या रस्त्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते. तुइलेरीचा राजवाडा १८७१ च्या धामधुमीत जळाला आणि पुढे पाडला गेला. ज्या खिडकीसाठी ही रेघ आखली ती खिडकीच आज नाही, रेघ मात्र आहे.

अठराव्या शतकात ती पुढे सरकली. आधी शायोच्या टेकडीच्या दिशेने, मग टेकडीच्या माथ्यापर्यंत, मग पलीकडे नयीच्या पुलाकडे. शाही बांधकामांचा प्रमुख मार्की द मारिन्यी याने जुनी झाडे काढून नवी लागवड केली. १७७० च्या दशकात टेकडीचा माथा छाटून चढ सौम्य केला गेला. हे काम पॅरिसच्या पँथेऑनचा वास्तुविशारद सूफ्लो याच्याकडे होते. हा तपशील बहुतेक जण वाचून सोडून देतात, पण रस्त्याच्या कामातल्या माणसाला त्याची किंमत कळते. सपाट रस्त्यावर उभे राहिलात तर तुम्हाला फक्त पुढच्या गाडीची पाठ दिसते. हलका, एकसारखा चढ असेल तर अख्खा रस्ता समोर उभा केल्यासारखा दिसतो, त्याच्यावरची झाडे, माणसे, गाड्या, सगळे. शाँझेलिझे खालच्या प्लास द ला कॉन्कॉर्द या चौकापासून निघून वरच्या एत्वाल या चौकापर्यंत चढत जातो आणि चढाच्या टोकाला विजयकमान आहे. फोटोत तो जितका भव्य वाटतो त्यातला मोठा वाटा त्या चढाचा आहे.

खालच्या टोकाचा चौक पंधराव्या लुईच्या नावाने, गाब्रिएल या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार बांधला गेला. क्रांतीनंतर त्याचेच नाव क्रांतीचा चौक झाले. २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला मारी आंत्वानेतचा शिरच्छेद तिथेच झाला. पुढे चौकाला कॉन्कॉर्द हे नाव मिळाले. १८३६ मध्ये तिथे इजिप्तच्या लक्सरहून आणलेला, तीन हजार वर्षांहून जुना दगडी स्तंभ उभारला गेला. बाकी चौकाचा इतिहास मोठा आहे, आपल्या प्रश्नाला तो एवढाच पुरे.

वरच्या टोकाची गोष्ट नाशिककरांना पटकन कळेल. १७८० च्या दशकात पॅरिसभोवती एक भिंत बांधली गेली. ती शत्रूला अडवण्यासाठी नव्हती, शहरात येणाऱ्या मालावर कर वसूल करण्यासाठी होती. क्लोद-निकोला लदू या वास्तुविशारदाने तिच्या नाक्यांच्या इमारती बांधल्या, त्यातल्या दोन एत्वालला, शाँझेलिझेच्या दोन बाजूंना होत्या. म्हणजे आज जिथे जगभरातले पर्यटक कमानीसमोर फोटो काढतात तो तेव्हाचा जकात नाका होता. आपला मुंबई नाका किंवा त्र्यंबक नाका होता तसाच, गावाची वेस. १८६० मध्ये पॅरिसची हद्द वाढली, भिंत गेली आणि नाक्याच्या इमारतीही गेल्या. तोवर शाँझेलिझेचे वरचे टोक म्हणजे शहराचा शेवट होता.

नेपोलियनने १८०६ मध्ये विजयकमान बांधायचे ठरवले ती या वेशीवर. शालग्रँ हा तिचा वास्तुविशारद. काम इतके रेंगाळले की १८१० मध्ये नेपोलियन आणि मारी-लुईझ यांच्या लग्नाच्या वेळी कमान जमिनीवर जेमतेम उठली होती. तेव्हा लाकूड आणि रंगवलेले कापड वापरून खऱ्या मापाची कमान तात्पुरती उभी केली आणि तिच्याखालून मिरवणूक नेली. सम्राट गेला, राजेशाही परतली, काम थांबले, पुन्हा सुरू झाले आणि १८३६ मध्ये लुई-फिलिपच्या काळात कमान पुरी झाली. तीस वर्षे लागली. तिची उंची सुमारे ५० मीटर आहे. १५ डिसेंबर १८४० रोजी सेंट हेलेनाहून आणलेले नेपोलियनचे अवशेष याच कमानीखालून आणि याच रस्त्याने शहरात आले.

या सगळ्या काळात रस्ता म्हणून शाँझेलिझेची अवस्था काय होती? फार बरी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या काठाला मोजकीच घरे होती, रात्री तिथून एकट्याने जाणे धोक्याचे मानत. १८१४ मध्ये नेपोलियनच्या पराभवानंतर रशियाच्या कोसॅक घोडेस्वारांनी तिथल्या झाडांमध्ये तळ ठोकला आणि झाडांची नासधूस झाली. ती पुन्हा लावावी लागली.

माझ्या मते या रस्त्याच्या आयुष्यातले खरे वळण १८२८ हे आहे, आणि पर्यटन पुस्तिकांत त्याला एक ओळही मिळत नाही. त्या वर्षी सरकारने कॉन्कॉर्द चौक आणि शाँझेलिझे पॅरिस शहराच्या ताब्यात दिले, आणि ते सुशोभित करण्याची, सांभाळण्याची जबाबदारी शहरावर टाकली. जागा एकाच्या मालकीची आणि देखभाल दुसऱ्याची, हा घोळ त्याने संपला. शहराने पदपथ केले, कारंजी बसवली, गॅसचे दिवे लावले. १८३० च्या दशकात इतॉर्फ या वास्तुविशारदाने खालच्या भागातल्या बागा आणि चौक मांडला. लोक पायी येऊ लागले, उपाहारगृहे आली, सर्कस आली, मैफिली आल्या. राजवाड्यातून पाहायची रेघ शहराच्या लोकांनी वापरायचा रस्ता झाली ती तेव्हा. रस्त्यावर उजेड, चालायला कोरडी जागा आणि देखभालीला जबाबदार असा एकच मालक, या तीन गोष्टी आल्या की बाकीचे लोक आपण होऊन करतात. हे मी नाशिकमध्येही छोट्या प्रमाणात पाहिले आहे.

आता ओस्मानबद्दलचा गैरसमज. पॅरिसचे सगळे रुंद रस्ते ओस्मानने वस्त्या पाडून केले, असे आपल्याकडे सरसकट सांगितले जाते. जॉर्ज-युजेन ओस्मान १८५३ ते १८७० पर्यंत सेन विभागाचा प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेला प्रमुख प्रशासक, होता आणि मध्य पॅरिसमध्ये त्याने प्रचंड पाडापाड केली, हे खरे. गरीब भाडेकरूंना त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली, हेही खरे आणि ते विसरता कामा नये. पण शाँझेलिझे त्याच्या जन्माच्या सुमारे एकशे चाळीस वर्षे आधीपासून होता. त्याने काय केले, तर एत्वालच्या चौकाला नवे रस्ते जोडून एकूण बारा केले, आणि चौकाभोवतीच्या इमारतींना एकसारखे दर्शनी भाग सक्तीचे केले. त्या इमारतींचा आराखडा पुन्हा इतॉर्फचा.

तिथली एक युक्ती मला फार आवडते आणि विद्यार्थ्यांनी ती नकाशावर शोधावी. कमानीच्या चौकाभोवती, इमारतींच्या मागून, एक दुसरा गोल रस्ता जातो. त्याचे दोन भाग प्रेस्बुर आणि तिल्सित या नावांचे आहेत. त्या घरांच्या घोडागाड्यांची ये-जा मागच्या गोल रस्त्याने ठेवली, चौकाच्या बाजूला बागा आणि जाळीची कुंपणे ठेवली. चौकाकडची कड त्यामुळे अखंड राहिली. मागून वाट असल्याशिवाय पुढची कड शाबूत राहत नाही, हे त्यांनी १८५४ मध्ये ओळखले होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, कॉलेज रोडला आलो की त्याची गरज पडेल.

पुढचा काळ भराभर सांगतो. १८५५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी खालच्या भागात पॅले द लँद्युस्त्री हे मोठे प्रदर्शनगृह उभे राहिले. १९०० च्या प्रदर्शनासाठी ते काढून ग्राँ पॅले आणि पती पॅले ही दोन प्रदर्शनगृहे आली. त्याच वर्षी १९ जुलैला पॅरिसची पहिली मेट्रो या रस्त्याच्या पोटातून धावू लागली. विसाव्या शतकात राँ-प्वँच्या वरच्या भागातली श्रीमंतांची घरे जाऊन दुकाने, हॉटेले, मोटारींची शोरूम आणि चित्रपटगृहे आली. खालचा भाग मात्र बागच राहिला. १.९ किलोमीटर लांब आणि ७० मीटर रुंद असा हा रस्ता खरे तर दोन रस्ते आहेत, खालचा बागेचा आणि वरचा बाजाराचा, आणि दोघांना एकत्र धरणारी ती झाडांची रेघ.

मिरवणुकांचाही तो रस्ता झाला. १ मार्च १८७१ रोजी प्रशियाचे सैन्य आणि १४ जून १९४० रोजी हिटलरचे सैन्य याच रस्त्यावरून गेले. २६ ऑगस्ट १९४४ रोजी फ्रेंच नेते जनरल द गोल मुक्त पॅरिसमधून चालत आले तेही इथूनच. कमानीखाली १९२० पासून अज्ञात सैनिकाची समाधी आहे. दर १४ जुलैला तिथे लष्करी संचलन होते. २००९ मध्ये भारतीय तुकडीला तिथे निमंत्रण होते, आणि तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान शाँझेलिझेवर चालले. देवळालीच्या तोफखान्याचे आवाज ऐकत वाढलेल्या नाशिककराला त्याचे अप्रूप वाटणारच.

मोटारींनी या रस्त्याचे काय केले, हा आपल्या कामाचा भाग. मुख्य रस्त्याला समांतर असे दोन्ही बाजूंना आतले छोटे रस्ते होते. ते हळूहळू गाड्या लावायची जागा झाले. पदपथ चेंगरला, झाडे गाड्यांच्या रांगेत अडकली, दुकानांच्या पाट्या एकमेकींवर चढल्या. १९८० च्या दशकात पॅरिसचेच लोक म्हणू लागले की हा रस्ता आता आपला राहिला नाही. मग १९९२ ते १९९४ या काळात बेर्नार ह्युए या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार मोठी दुरुस्ती झाली. समांतर रस्ते बंद केले, पार्किंग जमिनीखाली नेले, पदपथ दोन्ही बाजूंना सुमारे वीस मीटर रुंद केले, त्यावर ग्रॅनाइट घातला आणि प्रत्येक बाजूला झाडांची दुसरी रांग लावली. म्हणजे ल नोत्रने १६६७ मध्ये लावलेल्या दुहेरी रांगेकडे ते परत गेले. आज वरच्या भागात प्लेन नावाची झाडे आहेत. ती दरवर्षी पडद्यासारखी सरळ छाटतात, म्हणून लांबून हिरवी भिंत दिसते.

त्यानेही प्रश्न कायमचा सुटला नाही. भाडी वाढली, चित्रपटगृहे एकामागून एक बंद पडली, मोठ्या ब्रँडची दुकाने उरली. २०१६ पासून महिन्यातून एका रविवारी रस्ता गाड्यांना बंद ठेवायला सुरुवात झाली. जानेवारी २०२१ मध्ये महापौर आन इदाल्गो यांनी सुमारे २५ कोटी युरो खर्चाचा नवा आराखडा जाहीर केला, त्यात गाड्यांसाठीची जागा निम्म्यावर आणून झाडे वाढवायची आहेत. साडेतीनशे वर्षांत या रस्त्यावरच्या प्रत्येक चांगल्या दुरुस्तीत झाडे वाढली आहेत आणि चालायला जागा वाढली आहे.

आता नाशिक. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोड रुंद करून असा रस्ता होईल का? माझे स्पष्ट मत आहे की होणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. दोन्ही बाजूंची जमीन आता चौरस फुटांत मोजली जाते. रुंदीकरणात आपल्याकडे पहिल्यांदा झाड जाते, मग पदपथ जातो, मग दुकानासमोरचा समास, म्हणजे नियमाने मोकळी सोडलेली जागा, जाते आणि मिळालेली जागा पहिल्या वर्षातच उभ्या गाड्या खातात. गंगापूर रोडवर रुंदीकरणानंतर काही जुने वृक्ष डांबराच्या मध्येच उभे राहिले. रात्री गाडी आदळली की झाड तोडा अशी मागणी होते. पण झाड तिथे आधी होते. दुभाजक झाडाच्या रेषेत सरकवणे, किंवा झाडांच्या ओळीत पार्किंगचा पट्टा करून झाडाला त्यात घेणे, हे दोन्ही उपाय आखणीच्या टप्प्यावर स्वस्त असतात. काम उरकल्यावर ते महाग पडतात. म्हणून कामाआधी प्रत्येक झाड नकाशावर, खोडाच्या घेरासह, आले पाहिजे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यात पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण आहे, त्याचा आधार घ्या.

कॉलेज रोडचे दुखणे निराळे आहे. तिथे रस्ता अरुंद नाही, त्याची कड तुटलेली आहे. प्रत्येक इमारतीसमोरच्या सामासिक अंतरात गाड्या लागतात, त्यांना आत जायला पदपथावरून उतार केलेला असतो, आणि दर पंधरा-वीस पावलांवर चालणाऱ्याला खाली उतरून पुन्हा चढावे लागते. म्हाताऱ्या माणसाने चालायचे कसे? इथे प्रेस्बुर-तिल्सितचा धडा लागू पडतो. कॉलेज रोडच्या मागे कॉलनीचे रस्ते आहेत. जिथे प्लॉट दोन्हीकडे लागतो तिथे नव्या बांधकामाला गाडीचे प्रवेशद्वार मागूनच द्यायचे, पुढचा समास पदपथाच्या पातळीला आणून खुला ठेवायचा, अशी अट घालता येते. एका रात्रीत होणार नाही, पण पुनर्विकासाला येणारी प्रत्येक इमारत हा नियम पाळत गेली तर पुढच्या पिढीला अखंड कड मिळेल.

अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा सुमारे १.१ किलोमीटरचा रस्ता स्मार्ट रोड म्हणून नव्याने केला गेला. काम चालू असताना व्यापाऱ्यांनी आणि शाळा-कोर्टात जाणाऱ्यांनी खूप सोसले. पदपथ रुंद करण्याचा, केबल आणि वाहिन्या जमिनीखाली नेण्याचा त्यातला विचार योग्यच होता. रोजची देखभाल कोण करणार हे ठरलेले नसेल तर असा कुठलाही रस्ता दोन पावसाळ्यांत जुना दिसू लागतो. १८२८ ची गोष्ट मी त्यासाठीच लांबवली.

आणि नाशिकला मिरवणुकीचा रस्ता नाही असे समजू नका. वाकडी बारवपासून निघून भद्रकाली, मेनरोड, धुमाळ पॉइंट, महात्मा गांधी रोड, मेहेर सिग्नल, अशोक स्तंभ, रविवार कारंजा, मालेगाव स्टँड आणि रामकुंड, हा गणपतीच्या मिरवणुकीचा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. तो वळणांचा आहे, अरुंद आहे, आणि त्याचे टोक गोदावरीत आहे. त्याला सरळ आणि रुंद करणे म्हणजे त्याचा जीव घेणे. ढोल मेनरोडच्या दोन भिंतींमध्ये घुमतो तसा सत्तर मीटरच्या रस्त्यावर कधीच घुमणार नाही. जुन्या गावाला त्याच्या मापात सांभाळायचे, तिथे पॅरिस शोधायला जायचे नाही.

मग भव्य रस्ता करायचाच असेल तर कुठे? जिथे गाव अजून पोहोचले नाही तिथे. शाँझेलिझेचा सगळा इतिहास हेच सांगतो. शहराबाहेरच्या नव्या रिंगरोडची, विकास आराखड्यातल्या अजून न झालेल्या डीपी रोडची आखणी होते, तीच ती वेळ. आज द्राक्षाच्या बागा आणि मळे आहेत तिथे वीस वर्षांनी टॉवर उभे राहतील, हे मखमलाबाद, पाथर्डी, आडगावकडे पाहिले की कुणालाही कळते.

इथे शेतकऱ्याचा प्रश्न येतो आणि तो बाजूला सारून पुढे जाता येणार नाही. चौदाव्या लुईला मळेवाल्यांना विचारावे लागत नव्हते, आपल्याला विचारले पाहिजे. मखमलाबाद-हनुमानवाडी भागात नगररचना परियोजना आखली गेली तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला. बागायती जमीन, विहीर, घर, सगळे एका नकाशावर पुसून नव्याने आखले जाताना पाहून माणूस घाबरणारच. तरीही एक वस्तुस्थिती सांगतो: नुसत्या भूसंपादनात ज्याच्या शेतातून रस्ता जातो त्याचे सगळे जाते आणि शेजाऱ्याला फुकट दर्शनी प्लॉट मिळतो. परियोजनेत प्रत्येक जण थोडी थोडी जमीन रस्त्याला आणि बागेला देतो आणि उरलेली आखीव प्लॉटच्या रूपात परत घेतो. रुंद रस्त्यासाठी दुसरा न्याय्य मार्ग मला दिसत नाही. पण अंतिम प्लॉट कुठे मिळणार, विहिरीचे आणि बागेचे काय, पैसे कधी, हे पहिल्याच बैठकीत लेखी सांगितले गेले पाहिजे.

रस्त्याच्या टोकाला काय ठेवायचे, तर कमान बांधायची गरज नाही. आपल्याकडे डोंगर आहेत. त्र्यंबक रोडने जाताना अंजनेरी समोर उभा राहतो, पेठ रोडकडून रामशेज दिसतो, म्हसरूळच्या बाजूला चांभारलेणी आहे, पाथर्डी फाट्याकडे पांडवलेणीचा त्रिरश्मी डोंगर आहे. नव्या रस्त्याची रेघ यांपैकी एखाद्या शिखरावर नेमकी लावली आणि तिच्या आड उड्डाणपूल किंवा जाहिरातींचे फलक येणार नाहीत असा नियम केला, तर पावसाळ्यात ढगांत बुडालेल्या अंजनेरीकडे जाणारा रस्ता जगातल्या कुठल्याही रस्त्याच्या तोडीचा होईल. यात खर्च नाही, फक्त आखताना मान वर करून बघायचे आहे. मी हे बैठकांमध्ये वारंवार बोललो आहे आणि पुढेही बोलत राहीन.

रुंदी सत्तर मीटर कशाला, तीस मीटरही पुरे. हिशेब असा: मध्ये २ मीटर दुभाजक, दोन्ही बाजूंना गाड्यांसाठी ७-७ मीटर, म्हणजे १६ झाले. उरले १४, एका बाजूला ७. त्यात आधी २.५ मीटरचा झाडांचा पट्टा, झाडांच्या मधल्या जागेत बसथांबा आणि रिक्षा. मग ३ मीटर सलग पदपथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात बाजारपेठेसाठी किमान २.५ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, त्याहून जरा जास्त. शेवटचे १.५ मीटर वाहिन्या आणि झाडांच्या दुसऱ्या रांगेसाठी. हा वाहिन्यांचा पट्टा आधी ठरला नाही तर काय होते हे मी एका रस्त्यावर पाहिले आहे: झाडे लावून तीन वर्षे झाली, जीव धरू लागली आणि मग जलवाहिनीच्या चरात निम्मी गेली.

झाडे कोणती, हा प्रश्न विद्यार्थिनीने विचारला नाही, पण विचारायला हवा होता. अडीच मीटरच्या पट्ट्यात कडुनिंब, करंज, ताम्हण, बहावा चालतात. वड, पिंपळ, उंबर यांना चौक द्या, रुंद दुभाजक द्या, अरुंद पट्ट्यात कोंबू नका. गुलमोहर दिसतो सुंदर, पण वळवाच्या वादळात उन्मळतो. नाशिकला बऱ्याच भागात दोन-तीन फुटांखाली मुरूम आणि काळा खडक लागतो. तिथे फुटाचा खड्डा करून लावलेले झाड दहा वर्षे तसेच खुरटून राहते. खडक फोडून दीड मीटरचा खड्डा करा, पोयटा आणि शेणखत भरा, आठ-आठ मीटरवर लावा, तीन उन्हाळे टँकरने पाणी घाला. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवा. पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवून बसवण्याची आपल्याकडची पद्धत झाडाला हळूहळू मारते. आणि हे सगळे रस्त्याचे डांबर पडण्याआधी, पहिला प्लॉट विकला जाण्याआधी करा. ठेकेदाराच्या करारात झाडांची तीन वर्षांची देखभाल वेगळ्या रकमेसह लिहा, नाहीतर ती होत नाही.

प्रकल्पासाठी तुम्हाला विषय हवा असेल तर माझी सूचना आहे: विकास आराखड्याच्या नकाशावरून अजून न बांधलेले असे डीपी रोड निवडा, प्रत्यक्ष जाऊन त्या रेषेवर उभे राहा, समोर कोणता डोंगर येतो ते पाहा, आणि रेघ किती अंशांनी फिरवली तर शिखर मध्यावर येईल ते काढा. आड येणारी घरे, विहिरी आणि मोठी झाडे त्याच नकाशावर दाखवा. एखाद्या रस्त्याच्या आखणीवर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा तुमचा नकाशा मुदतीत दाखल करा. अशी हरकत नोंदीवर येते आणि सुनावणीत तिला उत्तर द्यावे लागते. पेठ रोड आणि दिंडोरी रोड यांच्या मधला पट्टा आधी पाहा, तिथे अजून मोकळी जमीन आहे.